गुरांचा दवाखाना आणि शाळा : एका शैक्षणिक भेटीचा पूर्वेतिहास

१

मालवणच्या किनाऱ्यापासून आत, पेंडूरला लागून असलेले कट्टा हे बाजारपेठेचे गाव होय. आजूबाजूच्या वाड्यांतील माणसे शाळा, औषधपाणी, कचेरी आणि बाजार अशा कामांसाठी येथे येत असतात. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळा परिसर अभ्यासाचा एक भाग म्हणून मुलांना ज्या ठिकाणी नेतात, त्यांत टपाल कचेरी, बँक व ग्रामपंचायत यांच्या जोडीला गुरांचा दवाखानाही असतो. कट्ट्याच्या परिसरात बोलीच्या नोंदी घेत असताना अशी एक भेट प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आली. तिच्या निमित्ताने जो प्रश्न मनात उभा राहिला, त्याचा ऐतिहासिक विचार या निबंधात करावयाचा आहे.

प्रश्न असा की, ज्या मुलाच्या आजोबांच्या घरी गोठा होता, त्या मुलाला गुरांच्या दवाखान्याची ‘भेट’ घडविण्याची आवश्यकता का भासावी? भेट ही अनोळखी स्थळाची असते. कोकणातल्या मुलाला गुरू आणि त्याचे दुखणे ही अनोळखी गोष्ट नव्हती. दोन पिढ्यांपूर्वी मूल गुराला हाकत दवाखान्यात आणीत असे. आज शाळा मुलाला रांगेत उभे करून गुराकडे नेते. दिशेची ही उलटापालट कशी घडली, आणि तीत काय मिळाले व काय हरवले, हे पाहणे केवळ शिक्षणशास्त्राच्या नव्हे, तर भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीनेही उद्बोधक ठरेल. कारण या साऱ्या व्यवहारात मध्यभागी उभे असलेले जनावर मुके आहे. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. आणि कोणाचे बोलणे ग्राह्य धरावयाचे, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘गोरू’ हा शब्द संस्कृत ‘गोरूप’ यापासून आला, हे व्युत्पत्तीच्या अभ्यासकांना परिचित आहे. मालवणीत त्याचे अनेकवचन ‘गोरवां’ असे होते व त्यात गाय, बैल, वासरू या सर्वांचा समावेश होतो. ‘गोठा’ हा ‘गोष्ठ’ शब्दाचा वंशज. गावची गुरे दुपारी ज्या सावलीच्या जागी एकत्र बसत, त्या जागेला कोकणात ‘गोठण’ म्हणतात. तिच्या मुळाशी ‘गोस्थान’ आहे. गुरे नाहीशी झाली तरी गोठण हे नाव कित्येक गावांतून टिकून राहिले आहे.

याच ‘गोष्ठ’ शब्दाचा दुसरा वंश अधिक मनोवेधक आहे. गाई जेथे एकत्र येतात ते गोष्ठ. तेथे माणसे एकत्र येऊन बोलू लागली ती गोष्ठी. आणि त्या बोलण्यातून जी उरली ती आपली ‘गोष्ट’. मूल आजीपाशी ज्या गोष्टीचा हट्ट धरते, ती शब्दाच्या नात्याने गोठ्याची सख्खी नात आहे. व्युत्पत्तीवरून समाजाच्या इतिहासाची अनुमाने काढताना सावधगिरी बाळगली पाहिजे, हे खरे. तथापि गुरांभोवती जमणे आणि बोलणे या दोन क्रियांचा संबंध आपल्या पूर्वजांना स्वाभाविक वाटला होता, एवढे म्हणावयास हरकत नाही.

गुरे राखणे हे काम बहुधा मुलांचे असे. या राखणीत मूल जे शिकत असे, त्याला अभ्यासक्रम नव्हता. पण परीक्षा मात्र रोजची होती. कोणते गुरू कळपाच्या मागे राहते, कोणाचे शेण पातळ झाले, कोणाची रवंथ थांबली, कोणाच्या नाकपुड्या कोरड्या पडल्या, हे त्या मुलाला घरातल्या वडील माणसांच्या आधी कळत असे. पशुवैद्य ज्याला आजाराचे पूर्ववृत्त म्हणतात, ते या मुलाच्या तोंडी असे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकात मोरी गाईच्या आजारपणाची व मृत्यूची जी हकीकत आहे, ती मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराची आहे. गुराचे दुखणे हे कोकणातल्या घरात घरच्याच माणसाचे दुखणे कसे होत असे, याचा तो सर्वपरिचित पुरावा होय. (कट्ट्याचा परिसरही तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता; सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.)

३

आता दवाखान्याकडे वळू. पशुचिकित्सा आपल्याकडे नवी नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची व पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यकाची परंपरा सांगितली जाते आणि त्याच नावावरून घोड्यांच्या वैद्यासाठी ‘सालोत्री’ हा शब्द रूढ झाला. परंतु ही विद्या मुख्यतः राजाच्या घोड्यांची व हत्तींची होती. कुणब्याच्या बैलाला सालोत्री मिळत नव्हता. त्याचे औषध झाडपाला, डाग आणि नवस यांतच संपत असे.

युरोपात पशुवैद्यकाची पहिली शाळा क्लोद बुर्जला याने १७६१ साली फ्रान्समधील लिओं येथे स्थापन केली. गुरांच्या साथींनी झालेली हानी हे तिच्यामागील एक प्रमुख कारण होते. मुंबई इलाख्यात ही विद्या येण्यापूर्वी पशूंविषयीची आस्था दुसऱ्याच मार्गाने संस्थारूप झाली होती. १८३२ साली मुंबईत भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल झाली. त्यानंतर १८३४ साली भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळ हा आश्रय होता, उपचार नव्हे. जनावराला मरू न देणे हे तिचे पुण्य. ते का मरते हा तिचा प्रश्न नव्हता.

आश्रयाकडून उपचाराकडे जाणारा टप्पा परळ येथे गाठला गेला. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३-८४ च्या सुमारास स्थापन झाले आणि १८८६ साली त्याच्याच आधाराने मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रुग्णालय आधी आणि वर्ग नंतर, हा क्रम या विद्येच्या आरंभापासूनच होता. पुस्तकातून जनावराकडे जावयाचे नसून जनावराकडून पुस्तकाकडे यावयाचे, हे तत्त्व त्या विद्यार्थ्यांना परिस्थितीनेच शिकविले. आजची शाळा लहान मुलांना दवाखान्यात नेते तेव्हा ती याच जुन्या तत्त्वाकडे परतत असते, मग तिला त्याची जाणीव असो वा नसो.

साथींच्या प्रश्नाने सरकारचे लक्ष यापूर्वीच वेधले होते. गुरांच्या साथीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. १८८९ साली पुण्यात एक सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली व ती १८९३ साली कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. पुढे मुलकी पशुवैद्यक खाते आले, स्थानिक मंडळांच्या खर्चाने जिल्ह्यांतून व तालुक्यांतून दवाखाने निघू लागले आणि हळूहळू ‘गुरांचा दवाखाना’ हा शब्दप्रयोग मराठी खेड्यात रुळला. फारसी वळणाचा ‘दवाखाना’ आणि देशी ‘गुरे’ यांचा हा संसार सुखाचा झाला. पाटीवर ‘पशुवैद्यकीय दवाखाना’ असे लिहिलेले असले तरी आजही कोणी तसे म्हणत नाही.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळा आणि खेड्यापाड्यांतील बहुसंख्य गुरांचे दवाखाने या दोहोंचा कारभार त्यानंतर एकाच संस्थेकडे आला. कागदोपत्री ही दोन भावंडे झाली खरी. परंतु दोघांमधील वाट कोणत्याही आदेशाने पडली नाही. ती पडावयाची तर एखाद्या शिक्षकाने मुलांना घेऊन चालत जावे लागे.

४

दवाखाना आणि गोठा यांच्यामध्ये जी देवघेव झाली, तिचा पुरावा रोगांच्या नावांत सापडतो. मराठीतील गुरांच्या रोगांची जुनी नावे पाहिली असता असे आढळून येते की, ती कारणाची नावे नसून लक्षणांची आहेत. तोंडातून लाळ गळते व खुरांत जखमा होतात म्हणून लाळ-खुरकत. मागचा फरा सुजतो व दाबला असता करकर असा आवाज येतो म्हणून फऱ्या. तीन दिवस अंगात राहून उतरतो म्हणून तिवा. पातळ हगवण लागते म्हणून बुळकांडी. कास कठीण होते म्हणून दगडी. ही नावे देणारा मनुष्य सूक्ष्मदर्शकाशी परिचित नव्हता, पण जनावराशी त्याचा परिचय पक्का होता. पाहणे, हात लावणे, ऐकणे आणि दिवस मोजणे या चार साधनांनी त्याने आपले निदान नावातच गोठवून ठेवले.

सरकारी खात्याने यांतील बहुतेक नावे स्वीकारली, कारण ती स्वीकारल्यावाचून शेतकऱ्याशी बोलणेच शक्य नव्हते. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी टोचल्या जातात, त्यावेळी प्रयोगशाळेतील जंतूला गोठ्यातलेच नाव घेऊन गावात यावे लागते. ज्ञानाचा प्रवाह केवळ शहराकडून खेड्याकडे वाहत आला, असे मानणाऱ्यांनी या नावांचा अवश्य विचार करावा.

नावांची ही संपत्ती कधीकधी घोटाळाही करते. मराठीत माणसांच्या ज्या रोगाला घटसर्प म्हणतात तो लहान मुलांच्या घशाचा रोग असून त्याची लस त्रिगुणी लसीत असते. गाईम्हशींचा घटसर्प हा सर्वस्वी निराळ्या जंतूचा रोग होय. दोहोंतही घसा धरतो, श्वास घरघरतो. म्हणून लोकांनी एकच नाव दिले. आरोग्य केंद्रात घटसर्पाची लस घेतलेले मूल दवाखान्याच्या भिंतीवर तेच नाव वाचते, तेव्हा ‘गाईला आणि मला एकच रोग होतो का?’ असा प्रश्न त्याने विचारला तर तो अडाणी प्रश्न नव्हे; भाषेने त्याच्यापुढे ठेवलेला तो योग्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर देताना शिक्षकाला लक्षण आणि कारण यांतला भेद सांगावा लागतो, आणि विज्ञानाच्या आरंभीच्या पाठात याहून मोलाचे दुसरे काय असू शकेल?

बुळकांडीची कथा याच्या उलट आहे. या एका रोगाने गोठेच्या गोठे ओस पाडले. १९२७ साली मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळीच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केलेल्या विषाणूचा लस म्हणून उपयोग करण्याचा मार्ग दाखविला. १९५४ साली भारतात राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. २००६ साली भारताला या रोगापासून मुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २०११ साली जगातून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. मानवी प्रयत्नांनी पृथ्वीवरून नाहीसे झालेले रोग दोनच : माणसांतील देवी (१९८०) आणि गुरांतील बुळकांडी. देवीची गोष्ट पाठ्यपुस्तकांतून मुलांना कळते. बुळकांडीची कळत नाही. वस्तुतः देवीच्या लसीचा जन्मही गाईच्याच रोगातून झाला. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस ही भारतातील पहिली यशस्वी लस होय. मूल, गाय आणि औषध यांची गाठ अशी सव्वादोनशे वर्षांची जुनी आहे.

सर्वांत अलीकडचे उदाहरण २०२२ सालचे. त्या वर्षी महाराष्ट्रात गुरांच्या अंगावर गाठी उठविणाऱ्या त्वचारोगाची मोठी साथ आली. मराठीत या रोगाला गोठ्यातून नाव मिळालेच नाही. ‘लम्पी’ हा इंग्रजी शब्द बातम्यांतून थेट आला आणि तोच रूढ झाला. लक्षण डोळ्यांपुढे होते, गाठी हाताला लागत होत्या, पण नाव ठेवणारा राखणा उरला नव्हता. एका शब्दाच्या उसनवारीवरून मोठा निष्कर्ष काढू नये. परंतु जी बोली शतकानुशतके रोगांना नावे देत आली, तिला यावेळी ती संधीच मिळाली नाही, ही नोंद भाषाभ्यासकाने केलीच पाहिजे.

५

शाळेच्या बाजूने हा विचार केव्हा सुरू झाला? महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षणात शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे आणि खेड्यातील शाळांना प्रत्यक्ष शिक्षणासाठी लहानसे नमुन्याचे शेत जोडलेले असावे, अशी मागणी आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही शेतकऱ्याच्या दैन्याबरोबर त्याच्या गुरांच्या दैन्याचा विचार आहे. खेड्यातल्या मुलाचे शिक्षण त्याच्या भोवतालच्या उद्योगाशी जोडले जावे, ही कल्पना महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्यांत जोतीरावांचे स्थान अग्रभागी आहे.

१९३७ सालच्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने उद्योगाच्या द्वारे शिक्षण हे तत्त्व पुढे ठेवले आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. नयी तालीम या नावाने ही योजना प्रसिद्ध झाली. तिचे यशापयश हा स्वतंत्र विषय आहे. मात्र हाताने काम करणे आणि शिकणे यांतील भिंत पाडण्याचा तिचा प्रयत्न नंतरच्या प्रत्येक सुधारणेच्या मुळाशी आढळतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग मात्र ठाणे जिल्ह्याच्या तत्कालीन किनारपट्टीवर झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर चालू झाले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना त्यांना दिसले की मुले गुरांमागे आहेत. सामान्य शिक्षक येथे पालकांना दोष देऊन थांबला असता. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत असताना, त्यांच्यावर नजर ठेवून, मुलांनी शिकावे अशी ती व्यवस्था होती.

कुरणशाळेचे वैशिष्ट्य केवळ जागेत नव्हते. तीत मुलाचे काम हा शिक्षणातील अडथळा मानला गेला नाही. राखण्या मुलाला आधीच काही येत आहे, हे शाळेने गृहीत धरले. दवाखान्याच्या भेटीचा विचार करताना हा कसोटीचा दगड आपल्या हाती असावा : शाळा मुलाला रिकामे समजून नेते, की काही जाणणारे समजून नेते?

पुढे परिसर अभ्यास हा विषय प्राथमिक शाळेत स्थिर झाला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतील ज्ञानाचा शाळेबाहेरील जीवनाशी सांधा जोडण्यावर भर दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत व त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली शिकावे, असे सुचविले. त्या यादीत गुरांचा डॉक्टर घालावयास काहीच प्रत्यवाय नाही. परंतु धोरणात ओळ असणे निराळे आणि दवाखान्याच्या अंगणात नेमके काय घडते ते निराळे.

६

ते काय घडते, याचे एकच उदाहरण देतो. गाव, शाळा व व्यक्ती यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही.

मुले दुसरी-तिसरीची होती. दवाखान्याच्या आवारात खोडा होता. जनावराला त्यात उभे करून तपासतात, हे डॉक्टरांनी दाखविले. थर्मामीटर कोठे लावतात हे सांगताच अपेक्षेप्रमाणे हशा पिकला. एका म्हशीच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे मुलांनी मोठ्याने वाचले. डाव्या भकाळीवर मूठ टेकवून पोटाची हालचाल कशी मोजावयाची, तेही एकदोघांनी करून पाहिले. ‘कोणाकोणाच्या घरी गुरे आहेत?’ या प्रश्नाला फार थोडे हात वर आले. बाकीच्यांनी गाईला हात लावण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

हात वर करणाऱ्यांतला एक मुलगा मध्येच म्हणाला, ‘‘आमची गाय कालपासून खाणा नाय. कान थंड पडले हत.’’ बरोबरच्या शिक्षकांनी सवयीने दुरुस्ती केली, ‘‘खात नाही, असे म्हण.’’ मुलगा गप्प झाला. येथे भेट संपली असती, तर तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही उरले नसते. पण डॉक्टरांनी हातातले काम थांबवून विचारले, ‘‘कधी व्याली?’’ ‘‘परवा.’’ ‘‘मान कशी ठेवते?’’ या प्रश्नाला मुलाने शब्दांनी उत्तर दिले नाही. त्याने आपली मान वळविली आणि हनुवटी खांद्यावरून मागे, कुशीकडे नेऊन दाखविली.

निदानाला आणखी काही लागले नाही. व्यालेल्या दुभत्या गाईच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरले की ती बसून राहते, मान कुशीला लावते, तिचे कान गार पडतात आणि वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिले नाही तर ती दगावते. डॉक्टर बाटल्या घेऊन लगोलग निघाले. संध्याकाळपूर्वी गाय उठून उभी राहिली, असे दुसऱ्या दिवशी कळले.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रसंगातून आणखी एक गोष्ट दिसते. या विकाराला मराठी पुस्तकांत ‘दुग्धज्वर’ म्हणतात. हा इंग्रजी नावाचा शब्दशः केलेला अनुवाद होय. वस्तुस्थिती अशी की, या विकारात ज्वर नसतोच. अंगाचे तापमान बहुधा नेहमीपेक्षा उतरलेले असते. म्हणजे पुस्तकातला शब्द ‘ताप’ म्हणतो आणि मुलगा ‘कान थंड’ म्हणतो. दोघांत खरे कोण बोलले, हे सांगावयास नको. ज्या वाक्याची क्रियापदाच्या रूपावरून दुरुस्ती झाली, तेच वाक्य गाईच्या प्राणाला उपयोगी पडले.

शिक्षकांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. प्रमाण भाषा शिकविणे हे त्यांचे काम आहे आणि ती न शिकण्याचे नुकसान शेवटी त्याच मुलाला सोसावे लागते. ‘खाणा नाय’ हे मालवणीच्या व्याकरणाचे नियमबद्ध रूप आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आणि ते सांगणे हे विद्यापीठातील भाषाविभागांचे काम असताना ते आपण पुरेसे केलेले नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे. मूल काय सांगते हे आधी ऐकावयाचे, ते कसे सांगते हे नंतर पाहावयाचे. दवाखान्यात हा क्रम पाळला जातो, कारण तेथे उशिराची किंमत कोणालातरी द्यावी लागते. वर्गात तो उलटतो, कारण तेथे ती किंमत दिसत नाही.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. गुरांची भेट घडविण्याची आवश्यकता का भासावी? पहिले उत्तर आकड्यांत आहे. पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील गोवर्गीय जनावरांची संख्या २०१२ साली सुमारे १ कोटी ५५ लाख होती. २०१९ साली ती सुमारे १ कोटी ४० लाखांवर आली. नांगरटीला यंत्र आले, शेतीचे तुकडे पडले, तरुण माणसे मुंबई-गोव्याकडे गेली आणि गोठ्याची जागा गाडीने घेतली. गोठ्याबरोबर राखणीची शाळाही मिटली. तेव्हा जे घरात सहज मिळत होते, ते आता मुद्दाम द्यावे लागते. यात हळहळण्यासारखे आहे, तसे न हळहळण्यासारखेही आहे. गुरांमागे गेलेले मूल पाटीपुस्तकापासून दूर राहत असे, आणि ते मूल बहुधा गरिबाचेच असे, हे विसरून भागणार नाही.

दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. जनावरांपासून माणसांकडे येणारे रोग या किनाऱ्याला परके नाहीत. पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस सिंधुदुर्गात दरवर्षी चिंतेचा विषय असतो. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर येथे प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ पासून दोडामार्गाच्या बाजूस आढळला. रेबीजच्या बाबतीत तर मूल हाच सर्वाधिक धोक्याचा घटक आहे. संशयित जनावरांचे चावे घेतलेल्या माणसांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाला कुत्र्याने ओरखडले तर ते रागावण्याच्या भीतीने घरी सांगत नाही. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी लस घ्यावी, हे ज्ञान त्याला असले तरी ते बोलण्याचे धैर्य नसेल तर व्यर्थ होय. शेजारच्या गोव्यात कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणाबरोबर शाळाशाळांतून मुलांना हे शिक्षण देण्यात आले आणि २०२१ साली त्या राज्याने स्वतःस रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. लसीच्या जोडीला मुलांशी झालेल्या बोलण्याचाही त्यात वाटा आहे.

येथे दोन्ही उत्तरे एकत्र येतात. जनावर मुके आहे म्हणून मुलाने त्याच्या वतीने बोलावयाचे. आणि मूल भयाने मुके होऊ नये म्हणून त्याला आधी बोलू द्यावयाचे. गुरांच्या दवाखान्याची भेट ही या दोन मुकेपणांवरची एकच लस ठरू शकते. तिला खर्च फारसा नाही. निळेली येथील संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी कोकण कन्याळ शेळी पाहावयास नेता आले तर उत्तमच. न आल्यास जवळचा दवाखाना पुरेसा आहे. जाण्यापूर्वी मुलांनी घरातील वडील माणसांना गुरांच्या दुखण्यांची नावे विचारून आणावीत, ती जशी ऐकली तशीच लिहावीत आणि दवाखान्यात डॉक्टरांपुढे वाचावीत, एवढी एकच सूचना प्रस्तुत लेखक करू इच्छितो. डॉक्टरांना काही नवे शब्द मिळतील, मुलांना त्यांचा अर्थ मिळेल आणि भाषेच्या अभ्यासकाला अशी सामग्री मिळेल की, जी आणखी एका पिढीनंतर कोणत्याही कोशात सापडणार नाही.

परळच्या रुग्णालयात १८८६ साली विद्यार्थी जनावरापुढे उभा राहिला, कोसबाडच्या टेकडीवर शाळा गुरांमागे चालत गेली आणि आजचे मूल रांगेतून दवाखान्यात येते. या तीन प्रसंगांना जोडणारा धागा एकच आहे : ज्ञान जेथे आहे तेथे जावयाचे. फक्त दवाखान्याच्या दारात शिरताना हे स्मरणात असावे की, त्या ज्ञानाचा काही भाग रांगेत उभ्या असलेल्या मुलाने बरोबर आणलेला असू शकतो.